अर्थाची काळी तार

…तर सूनबाई बॉनेटखाली डोकं घालून उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, आणि तिनं आतूनच मला सांगितलं की आबा, सरांना जरा फोन लावा. मी फोन लावला, तिनं सांगितलं तसंच सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. काल इथपर्यंत आलो होतो आणि नेमका चहा आला. जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. बाकीच्यांनी तेवढं चालवून घ्यावं.

सूनबाई म्हणजे भाग्यश्री, माझ्या योगेशची बायको. वाघोलीत नगर रस्ता सोडून आत वळलं की बोअरवेलच्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्या पलीकडं पत्र्याचं एक शेड आहे. तिथं ती गाड्यांचं वायरिंग करते. नुसतं वायरिंग. इंजिन उघडत नाही, पंक्चर काढत नाही. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, चावी फिरवली की नुसतं टकटक होतं, असल्या गाड्या तिच्याकडं येतात. मी शेडच्या तोंडाशी बाकड्यावर बसतो आणि दुकानाचा फोन उचलतो. माझं शिक्षण मेहकरकडच्या आमच्या गावात सातवीपर्यंत, त्यातलं चौथीपर्यंतचं देवळाच्या ओसरीवर. फोन उचलायला एवढं पुरतं, अशी माझी समजूत होती.

भाग्यश्री लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या वर एक टेस्टर होता. वाशीमच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स झालेला. आमच्या घरच्यांनी, इंदुबाईंनी, तो हातात घेऊन विचारलं की हा गं कशाला आणलास. तर म्हणाली, सासरचं वायरिंग कसं असेल कोणाला ठाऊक. इंदुबाई त्या दिवशी गप्प झाल्या त्या थेट संध्याकाळी बोलल्या. तोवर आमच्या देवघरातला दोन वर्षं बंद असलेला दिवा लागलेला होता.

पुण्यात आल्यावर योगेश रांजणगावला कामाला लागला आणि ही एका कंपनीत लागली. तिथं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे. भिंतीएवढा फळा, फळ्यावर खिळे, त्या खिळ्यांमधून रंगीबेरंगी तारा ओढत न्यायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. आठ वर्षं तिनं हेच केलं. कुठली तार कुठं जाते ते तिला झोपेतून उठवून विचारावं. पण गंमत अशी की तो जुडगा बसवलेली गाडी तिनं पाहिलीच नव्हती. जुडगा खोक्यात जायचा, खोकं ट्रकात जायचं, पुढं काय होतं ते हिला काय कळणार.

मग एकदा आम्ही खराडीला एका लग्नाला गेलो. कार्यालयाबाहेर एका गृहस्थानं पाणी घालायला गाडीचं बॉनेट उघडलेलं होतं. मी आहेराचं पाकीट शोधतोय, इंदुबाई माझ्यावर चिडल्यात आणि सूनबाई कुठं गेली म्हणून बघतो तर ही नवीकोरी साडी नेसून त्या परक्या माणसाच्या बॉनेटमध्ये वाकलेली. त्या गृहस्थानं विचारलं, काय हवंय. ही म्हणाली, हे माझं आहे. तो बिचारा दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं गाडीवर हक्क सांगायला आली. झालं होतं असं की टेपचा शेवटचा वळसा उलटा घ्यायची हिची सवय, आणि तो उलटा वळसा हिला तिथं दिसला. आपल्या हातचं काम आठ वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसलेलं बघितलं बाईनं. जेवायला बसल्यावर तिचं पानात लक्ष नव्हतं. मठ्ठा दोनदा मागून घेतला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवला.

पुढं कंपनीनं ती लाइन दुसरीकडं हलवली आणि हिनं शेड घेतलं. पहिलं वर्ष माझी फार करमणूक झाली. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, मिस्त्री कुठाय. मी म्हणायचो आत आहे. ही बाहेर यायची. ते हिच्या मागं बघायचं, अजून कोणी येतंय का म्हणून. कोणी येत नाही म्हटल्यावर गाडी ठेवून जायचं, पण जाताना दोनदा वळून बघायचं. आता वळून बघत नाहीत.

तिचा एक नेम आहे तेवढा सांगतो आणि मग सरांवर येतो. आपल्याकडं एक शब्द आहे, डायरेक्ट. पंखा चालत नाही का, डायरेक्ट करून टाक. म्हणजे कंपनीनं जी वाट घालून दिली ती सोडायची आणि बॅटरीपासून एक तार काढून सरळ नेऊन चिकटवायची. काम पाच मिनिटांत होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मूळचा बिघाड असतो तिथंच मुक्कामाला राहतो. भाग्यश्री डायरेक्ट करत नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही. ‘डायरेक्ट करून मिळनार नाही’ अशी पाटीच लावून घेतली तिनं. ती मी रंगवली.

ती पाटी वाचणारा पहिला माणूस म्हणजे शरच्चंद्र सर. विश्रांतवाडीला राहतात, मूळचे पेठेतले, चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. रिक्षातून उतरावं तसे गाडीतून उतरले आणि नमस्कार-बिमस्कार काही नाही, पाटीपुढं उभे राहिले.

“ही कोणी रंगवली?”

मी म्हणालो, मी.

“मिळनार नव्हे. मिळणार. बाणातला ण.”

एवढं बोलून मग ते गाडीवर आले. गाडी चालवत आणली होती त्यांच्या मंडळींनी, सुनीतीबाईंनी. गाडी पंचवीस वर्षांची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. सुनीतीबाई बँकेत होत्या, स्वतःच्या कमाईतून त्यांनी ती घेतली आणि सरांची नजर मंदावल्यापासून त्याच चालवतात. त्यांचे गुडघे गेलेत, बसची पायरी चढवत नाही. गाडीला मात्र पायरी नसते. भाजी, दवाखाना, आळंदीला राहणारी बहीण, सगळं त्या गाडीवर. म्हणजे सरांची गाडी असं लोक म्हणायचे, पण ती बाईंची होती हे मला त्यांनी दार ज्या हातानं लावलं त्यावरून कळलं.

दुखणं असं की रस्त्यावर गर्दीत गाडी थांबली की तापायची. गाडी पळत असली की वारा लागतो, पण थांबली की समोरचा रेडिएटर गार ठेवायला विजेचा पंखा असतो, तो आपोआप सुरू व्हायला पाहिजे. तो कधी व्हायचा, कधी नाही. आणि यंदाच्या उन्हात तर व्हायचाच बंद झाला. येरवड्याच्या चौकात दोनदा वाफा निघाल्या, लोकांनी ढकलून कडेला घेतली.

“आधीच्या तिघांपैकी एकानं पंख्याची मोटर बदलली,” सर म्हणाले, “दुसऱ्यानं रिले बदलला, तिसऱ्यानं पंखा डायरेक्ट केला, तरी तो फिरेना. आता आपण काय बदलणार? मालक?”

भाग्यश्री म्हणाली, आधी बघते, बदलायचं नंतर.

जाता जाता सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे शेवटचं गॅरेज. दोघा नवराबायकोत तसं ठरलंय. इथं झाली तर झाली, नाहीतर त्यांच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, त्याच्याशी बोलणं करून ठेवलंय. तापलेल्या गाडीत या वयात बायकोला रस्त्यात उभं करणं आता त्यांना सोसवत नव्हतं. सुनीतीबाई ऐकत होत्या. गाडीच्या काचेला लटकवलेला छोटा नारळ होता तेवढा काढून पर्समध्ये टाकला. मी ते पाहिलं. भाग्यश्रीनंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लागली कामाला. मी शेजारी उभा राहून सगळं बघितलं, म्हणून सांगू शकतो. तिच्याकडं एक बल्ब आहे, त्याला दोन लांब तारा. तोच तिचा डॉक्टर. आधी तिनं पंख्याच्या दोन्ही तारा सोडवून सरळ बॅटरीला टेकवल्या. पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर चांगली. मग तापमान ओळखणारा जो स्विच रेडिएटरला असतो, त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या. रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी छोटी डबी, टक्क वाजला. म्हणजे हुकूम पोचतोय. मग पंख्याकडं येणाऱ्या तारेला बल्बचं एक टोक, दुसरं टोक बॅटरीच्या उणे बाजूला. बल्ब लख्ख. म्हणजे वीजही येतेय. सगळं आहे आणि पंखा गप्प. मी म्हणालो, हे म्हणजे पंगत बसली, पानं वाढली आणि कोणी जेवेना.

ती हसली नाही. ती नुसती त्या बल्बकडं बघत होती. मग तिनं बल्बचं दुसरं टोक बॅटरीवरून काढून पंख्याच्याच दुसऱ्या तारेला, काळ्या तारेला लावलं. बल्ब नुसता लालसर झाला, विझत आलेल्या उदबत्तीसारखा.

मला म्हणाली, आबा, करंट नुसता येऊन चालत नाही. त्याला परत जायला वाट लागते. ही काळी तार म्हणजे ती वाट, ही गाडीच्या अंगाला जोडलेली असते, तिला अर्थ म्हणतात.

मग ती त्या काळ्या तारेच्या मागं मागं गेली. पुढच्या पट्टीवर एका बोल्टखाली तार आवळलेली होती. दहाचा पाना लावून तिनं बोल्ट काढला. आणि खाली काय, तर रंग. गुळगुळीत, सायीच्या रंगाचा. दिवाळीत कोणीतरी पार्किंगमध्ये गाडीला समोरून ठोकलं होतं, पत्रा ठोकून सरळ केला, रंग मारला, आणि कारागिरानं वरून काळी तार पुन्हा आवळून टाकली. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांना जेवढं लागत होतं तेवढ्यावर पंखा कधीमधी फिरायचा. तिघांनी मोटर बदलली, रिले बदलला, डायरेक्ट केलं, पण येणारी वाट किती का रुंद करा, जाणारी बंद होती.

आणि या वेळी, बॉनेटखालून, ती मला म्हणाली, आबा, सरांना फोन करून सांगा की अर्थच नाहीये. बाकी सगळं बरोबर आहे म्हणावं.

मी फोन लावला. म्हणालो, सर, सूनबाई म्हणतायत, गाडीला अर्थच नाहीये. पुढचं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात पलीकडून आलं, “कळलं,” आणि फोन बंद.

भाग्यश्रीनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, कळलं म्हणाले. ती म्हणाली, बरं झालं बाई, शिकलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही.

अर्ध्या तासानं शेडसमोर आकडा लावलेली उचलगाडी येऊन थांबली. त्यातून एक दणकट गृहस्थ उतरले. हिंमतराव. लोहगावकडचे, जुन्या गाड्यांचा भंगाराचा धंदा. मी ओळखलं नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं. पाणी दिलं. ते पाणी पिऊन त्यांनी सरळ आकडा काढला आणि सरांच्या गाडीखाली घालायला लागले.

भाग्यश्री पॉलिश पेपरनं पट्टी घासत होती, ती तशीच हातात कागद घेऊन उठली. विचारलं, काय चाललंय. हिंमतराव म्हणाले, मालकाचा फोन हाय. वायरिंगवालीनंच सांगितलं म्हने, गाडीत काय अर्थ नाय.

भाग्यश्रीनं माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी जमिनीकडं बघत होतो, पण बघितलं हे मला माहीत आहे. तिनं शांतपणे विचारलं की आबा, तुम्ही नेमकं काय बोललात. मी अक्षर न् अक्षर सांगितलं. पंचाहत्तरी जवळ आली माझी, गावात कीर्तनं ऐकली, भांडणं सोडवली, पण एका शब्दानं चालती गाडी भंगारात घालणारा मीच. ती पहिल्यांदा हसली, एवढी हसली की टायरवर बसली. आणि मग आकडा गाडीखाली अडकलेला दिसला तसं हसू थांबलं.

तिनं सरांना फोन लावला. यावेळी स्वतः. आवाज मोठा होता म्हणून मला पलीकडचंही ऐकू येत होतं. तिनं सांगितलं की गैरसमज झाला, गाडी बरी होतेय. सर म्हणाले, हिंमतरावांना मी शब्द दिला आहे आणि मी दिलेला शब्द फिरवत नसतो. मग मागून सुनीतीबाईंचा आवाज आला, काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्यानंतर सर थोडे थांबले. तेवढ्या जागेत भाग्यश्री बोलली. मोठ्यानं नाही.

“सर, शब्द तुमचा राहू द्या. अर्थ माझा होता. एकदा येऊन बघा, मग गाडी न्यायला मी स्वतः आकडा लावून देते.”

मग सर म्हणाले, रिक्षा करतो.

हिंमतरावांना तिनं चहा सांगितला आणि तेही बसले माझ्या शेजारी. म्हणाले, ताई, मला कायबी घाई नाय, भंगार कुठं पळून जात नाय. मी त्यांना खराडीच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. त्यांनी ऐकली पण लक्ष तिच्या हातांकडं होतं. तिनं पत्रा पांढरा चमकेपर्यंत घासला, तारेचं टोक घासलं, बोल्ट आवळला, वर जरा ग्रीस लावलं. मग त्या तिसऱ्या माणसानं ओढलेली डायरेक्टची तार पुरती उपटून काढली, स्टेअरिंगखाली लावलेला त्याचा तो बटणाचा खोका काढला आणि सगळं मूळच्या वाटेला लावून दिलं. मी हळूच म्हणालो, तेवढी राहू दे की, आजच्या दिवस आधाराला. ती म्हणाली, आबा, तिच्या आधारावर फिरला तर मला कसं कळणार.

सर आणि सुनीतीबाई आले. भाग्यश्रीनं चावी सुनीतीबाईंच्या हातात दिली. त्या बसल्या, गाडी सुरू केली. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. आम्ही सगळे बॉनेटभोवती आणि सर खिडकीशी. त्यांना तापमानाचा काटा दिसत नाही, म्हणून सुनीतीबाई वाचून दाखवत होत्या. पाव झाला. पाव आणि थोडा. अर्धा. अर्ध्याच्या वर.

हिंमतराव उठून उभे राहिले. पंखा गप्प. सुनीतीबाई म्हणाल्या, पाऊण होत आला हो. त्यांचा हात चावीवर गेला, गाडी बंद करावी म्हणून. भाग्यश्री म्हणाली, थांबा काकू, अजून त्याची वेळ झाली नाही. तिनं पंख्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती काकूंकडं बघत होती.

टक्क.

आणि पंखा फिरला. असा फिरला की माझी टोपी मागं सरकली. सुनीतीबाई वाचायला लागल्या, पाऊणच्या खाली, अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या खाली. मग पंखा आपला आपण थांबला. मी टाळी वाजवणार होतो, तिनं हातानं नको म्हटलं. एकदा फिरला त्याला काही किंमत नाही म्हणाली. दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदा फिरला. चौथ्यांदा काटा चढायला लागला तेव्हा सुनीतीबाईंनी वाचून दाखवणं सोडलं आणि पर्समधून तो नारळ काढून जागच्या जागी बांधला.

हिंमतरावांनी आकडा काढला. म्हणाले, सर, तुमचा शब्द मी परत देतो, माझ्या काय उपयोगाचा न्हाई. आणि भाग्यश्रीला म्हणाले की ताई, माझ्याकडं भंगारात येत्यात त्यातल्या निम्म्या अशाच असतील, उद्यापासनं तुमाला दाखवल्याबिगर एक कापत नाय. कापत नाहीत, हे मी खात्रीनं सांगतो. त्या दिवसापासून त्यांनी अकरा गाड्या आणल्या, त्यातल्या सात चालत परत गेल्या.

सरांनी ती जागा दाखवा म्हटलं. नजर कमी म्हणून त्यांनी वाकून बोटानं चाचपून बघितलं. आधी घासलेला पत्रा, मग शेजारचा रंग. पुन्हा पत्रा. चौतीस वर्षं खडू धरलेलं बोट काळं झालं. ते सरळ झाले, रुमालाला हात पुसायचा सोडून त्यांनी तसाच ठेवला आणि म्हणाले, माझी चूक झाली. एवढंच. पण पेठेतल्या माणसाकडून हे तीन शब्द चार माणसांदेखत, वाघोलीत, ते ऐकून मला जे वाटलं ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. आमच्या गावात कोणाची मुलगी पहिली आली की तिच्या बापाला लोक धरून धरून बसवायचे, कारण तो उभाच राहायचा. मला त्या दिवशी कोणी बसवायला नव्हतं. मी उभाच होतो.

तरी मनात एक काटा होताच. बाईंची गाडी माझ्यामुळं जाता जाता राहिली होती. दुकानाचा फोन मी खिशातून काढून हातात धरला होता, सूनबाईला परत द्यायचा म्हणून. उद्यापासून नुसतं बाकड्यावर बसू, गोष्टी सांगू, तेवढं आपल्याला जमतं. मी काही बोलायच्या आतच सरांचं लक्ष त्या फोनवर गेलं. मग माझ्यावर. आणि त्यांचा मूळ आवाज परत आला.

“मिस्त्री,” ते भाग्यश्रीला म्हणाले, “यापुढं आपल्या दुकानाचा फोन कोण उचलणार आहे, तेवढं सांगून ठेवा.”

तिनं माझ्या हातातला फोन घेतला, त्यावरचं ग्रीस ओढणीनं पुसलं आणि माझ्याच खिशात परत ठेवून दिला.

“आबाच उचलणार, सर. या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं त्यांनी बोलून बोलून जोडलीत. तुम्ही तेवढी फोन ठेवायची घाई करत जाऊ नका.”